राखणीच्या कुत्र्याला कांद्याचे कालवण नको

अलिबागचा पांढरा कांदा आपल्या घराची शान आहे. परंतु कांदा-खोबऱ्याच्या वाटणाचे उरलेले कालवण वाडी राखणाऱ्या कुत्र्याला घालू नका. कांदा-लसणातील गंधकयुक्त घटक त्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. शिजवून किंवा भाजूनही हा दोष जात नाही. कुत्र्याच्या दर किलो वजनामागे १५ ते ३० ग्रॅम कांदा अपायकारक ठरतो. म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला १५० ग्रॅमही पुरे. रोज थोडा-थोडा दिला तरी बाधतो. सुस्ती, फिकट हिरड्या, लालसर-तपकिरी लघवी ही लक्षणे बहुधा काही दिवसांनी दिसतात. तेव्हा घरगुती उपायांत वेळ न दवडता पशुवैद्यकांना दाखवा. कुत्र्याचा वाटा वाटण घालण्यापूर्वीच वेगळा काढा: साधा भात आणि काटे काढलेली उकडलेली मासळी.