तरुण वयातील खुब्याचे सांधेरोपण : शस्त्रक्रियेनंतरची वर्षे

(तेरखेडा येथील व्याख्यान)



खुबा बदलणे ही वार्धक्यातील शस्त्रक्रिया, असा सर्वसाधारण समज आहे. १९६२ साली इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी आधुनिक कृत्रिम सांधा रूढ केला, तो प्रामुख्याने वृद्धांसाठीच होता. आपल्या देशात मात्र पंचविशी-तिशीतील रुग्णांवरही ही वेळ येते. मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा खुंटून ते मृत होणे, म्हणजेच ‘एव्हीएन’, हे त्याचे एक प्रमुख कारण होय. स्टिरॉइड, मद्यपान, जुना अपघात, विदर्भात सिकलसेल यांतून हा विकार उद्भवतो. कित्येकदा कारण सापडतही नाही. २०२१ मध्ये कोविडमुक्त झालेल्या काही तरुणांतही तो मुंबईत आढळला. जांघेतील दुखणे कमरेचे समजून गोळ्यांवर महिने निघून जातात. प्रारंभी साध्या एक्स-रेमध्ये काही दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते. आणि मूळ सांधा वाचविण्याची संधी त्याच काळात असते.

रोपणानंतर बहुतेकांच्या वेदना शमतात, तरुण पुन्हा कामावर जातो. खरा प्रश्न पुढील वर्षांचा आहे. ‘लॅन्सेट’मधील २०१९ च्या अभ्यासानुसार सुमारे ५८ टक्के सांधे २५ वर्षे टिकतात. त्याच नियतकालिकातील २०१७ च्या अभ्यासात, सत्तरीनंतर रोपण झालेल्यांना आयुष्यात पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता सुमारे ५ टक्के, तर पन्नाशीच्या आरंभी रोपण झालेल्या पुरुषांत ३५ टक्क्यांपर्यंत दिसली. तिशीतील रुग्णाने काय ते समजावे! दुसरी शस्त्रक्रिया पहिलीहून अवघड, कारण हाड झिजलेले असते. नवे, कमी झिजणारे प्लास्टिक आणि सिरॅमिक यांनी आशा वाढविली आहे. तथापि नवे ते सारे उत्तम नव्हे : धातूवर धातू घासणारे सांधे तरुणांसाठी म्हणून गाजले, आणि २०१० मध्ये त्यांतील एक प्रकार जगभरातून परत घ्यावा लागला.

पंगतीतील मांडी, खुरपणीची उकिडवी बैठक, देशी शौचालय यांविषयी शस्त्रक्रियेपूर्वीच डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. सांधा निखळण्याचा धोका अशा बैठकीत असतो. दुखत नसले तरी ठरलेल्या काळाने एक्स-रे काढावा, कारण झीज मुकाट्याने होते. बसविलेल्या सांध्याचा प्रकार, आकार व क्रमांक दर्शविणारे स्टिकर फाईलमध्ये जपावे. वीस वर्षांनी दुसरा शल्यविशारद प्रथम तेच मागेल, आणि आपल्या घरांतील फायली तर दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जातात.