दहा मिनिटांची सावली



उन्हात राबणाऱ्याने तहान लागली की पाणी प्यावे, थकला की सावलीला बसावे. त्याला कायदा कशाला, असे आम्हांला पुष्कळदा विचारण्यात येते. विचारणारे बहुधा पंख्याखाली बसलेले असतात. मुकादमाला ‘जरा बसू का?’ म्हणणारा पहिला गडी दुसऱ्या दिवशी हजेरीवर राहतो की नाही, हे त्यांनी पाहिलेले नसते.

हाच वाद अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात झाला. तेथील ऑस्टिन शहराने २०१० साली आणि डॅलसने २०१५ साली नियम केला की, बांधकामावरील मजुराला दर चार तासांना १० मिनिटे विश्रांती मिळालीच पाहिजे. चार तासांची मिनिटे २४०. म्हणजे चोविसावा हिस्सा. एवढ्यावर केवढे रण माजले! २०२३ च्या जूनमध्ये राज्यपालांनी एका कायद्यावर सही केली. कामगारांच्या बाबतीत शहरांनी आपापले नियम करू नयेत, असा त्याचा रोख. कंत्राटदारांच्या व व्यापाऱ्यांच्या संघटना पाठीशी होत्याच. गावोगाव निराळे नियम असले की धंदा करणे जड जाते, हे त्यांचे म्हणणे. ते अगदीच खोटे नाही. पण मग राज्यभर एकच नियम करा ना! तो काही झाला नाही. काही शहरे कोर्टात गेली, तो भाग वेगळा. २०२४ च्या एप्रिलात फ्लॉरिडानेही आपल्या शहरांचे हात तसेच बांधले.

कॅलिफोर्नियात मात्र २००५ पासून पाणी, सावली आणि विश्रांती देणे मालकावर बंधनकारक आहे. तेथील द्राक्षमळे काही ओस पडले नाहीत.

अमेरिकेचे कामगार-सुरक्षा खाते सांगते की, कामावर उष्म्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी जवळजवळ निम्मे पहिल्याच दिवशी होतात, आणि शंभरात ७० हून अधिक पहिल्या आठवड्यात. शरीराला ऊन सोसण्याची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात. म्हणजे ज्याला विसाव्याची गरज सर्वांत जास्त, तो नवा गडी. आणि मागायला तोंड उघडत नाही तोही तोच. म्हणून मागेल त्याला सुटी, ही सवलत कुचकामी. घंटा झाली की जुन्या-नव्या सर्वांनी बसायचे, असेच हवे.

आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्यात कामाच्या खोलीत हवा कशी असावी, उष्मा किती असावा, याचे कलम होते. पण रस्त्यावर डांबर ओतणाऱ्याला खोली कुठली? उद्या आपल्या नगरपालिकेची रस्त्याची निविदा निघेल. खडी किती, डांबर किती, हे तीत असेलच. भर दुपारी गडी कोठे बसणार आणि पाणी कोण आणणार, हेही तीत लिहिले आहे का, एवढे आपण जाऊन विचारावे.