आंतरराष्ट्रीय संबंध शिकायचे तर कॉलेज कसे निवडावे?

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त भरलेल्या विद्यार्थी-पालक मेळाव्यात केलेले भाषण)



दरवर्षी या मेळाव्यात डॉक्टरी, इंजिनीअरिंग आणि बँकेच्या परीक्षा यांवर मार्गदर्शन होतं. यंदा समितीने मला निराळाच विषय दिला आहे. त्याला कारण आपल्याच वस्तीतली एक मुलगी. अकरावीला आहे, कला शाखेत. ती सेक्रेटरींकडे आली आणि म्हणाली, "काका, मला आंतरराष्ट्रीय संबंध शिकायचेत. अमेरिकेत लिबरल आर्ट्स कॉलेजं असतात म्हणे. त्यातलं सगळ्यात चांगलं कोणतं?" सेक्रेटरींनी तो प्रश्न माझ्याकडे पाठवून दिला. आज आत येताना दारातच तिचे वडील भेटले. म्हणाले, "सर, गावाकडे दीड एकर आहे. लागलं तर विकू." म्हणून मी आज जरा सावकाश बोलणार आहे. पोरीच्या शिक्षणाचा प्रश्न आहे आणि दीड एकराचाही आहे.

आधी हा विषय काय ते सांगतो. दोन देश भांडतात का, तह कसे होतात, व्यापाराचे नियम कोण ठरवतं, निर्वासितांना कोण आसरा देतं, संयुक्त राष्ट्रसंघात मत कसं पडतं, हे सगळं त्यात येतं. काहींना वाटेल, आपल्या लोकांना याचं काय? नळाला पाणी नाही आणि हे राष्ट्रसंघाचं बोलतात! पण हा विषय आपल्या घरात फार आधीपासून आहे. १९५१ साली बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, तेव्हा हिंदू कोड बिलाचं कारण आपण सगळे सांगतो. त्याच निवेदनात सरकारच्या परराष्ट्र धोरणाबद्दलची नाराजीही त्यांनी कारण म्हणून नोंदवली होती. १९५४ साली राज्यसभेत ते परराष्ट्र धोरणावर सविस्तर बोलले. आणि त्याच्याही आधी, १९४६ साली, त्यांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिलं. तिकडचे कृष्णवर्णीय लोक आपली तक्रार संयुक्त राष्ट्रसंघापुढे नेत आहेत असं त्यांच्या वाचनात आलं होतं. त्या अर्जाच्या प्रती मिळतील का, अशी विचारणा त्या पत्रात होती. डु बॉइस यांचं उत्तरही आलं. राष्ट्रसंघ स्थापन होऊन वर्षही झालं नव्हतं, आणि बाबासाहेब तिथला दरवाजा कुठे आहे ते पाहत होते.

पुढे २००१ साली दक्षिण आफ्रिकेत डर्बन इथे वंशभेदाविरुद्ध जागतिक परिषद झाली. आपले कार्यकर्ते तिथे गेले, जातीचा प्रश्न मांडला. भारत सरकारचं म्हणणं होतं की जात म्हणजे वंश नव्हे, तेव्हा हा या परिषदेचा विषयच नाही. शेवटच्या जाहीरनाम्यात जात हा शब्द आला नाही. पण लगेच २००२ साली राष्ट्रसंघाच्या वंशभेदविषयक समितीने स्पष्ट केलं की जन्मावरून, कुळावरून होणाऱ्या भेदभावात जातीचाही समावेश होतो. एका शब्दाच्या अर्थावर केवढी लढाई असते पाहा. ती लढायला कायदा, इतिहास, इंग्रजी आणि आणखी एखादी परकी भाषा येणारी माणसं लागतात. आपल्याकडे ती किती आहेत? म्हणून ही मुलगी हा विषय म्हणाली तेव्हा मला बरं वाटलं.

आता लिबरल आर्ट्स कॉलेज म्हणजे काय? आपल्याकडे 'आर्ट्सला गेला' म्हणजे मार्क कमी पडले असं समजतात. तिकडे तसं नाही. अमेरिकेतली ही कॉलेजं लहान असतात, बहुतेक दीड-दोन हजार विद्यार्थ्यांची. चार वर्षांची पदवी, राहणं तिथेच. मुख्यतः पदवीचेच विद्यार्थी असल्यामुळे प्राध्यापक स्वतः वर्गात येऊन शिकवतात, निबंध तपासतात. पहिली दोन वर्षं इतिहास, अर्थशास्त्र, एखादं शास्त्र, एखादी भाषा असं मिसळून शिकायचं आणि दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस मुख्य विषय ठरवायचा.

बाबासाहेब गेले ते कोलंबिया विद्यापीठात, पदव्युत्तर शिक्षणासाठी. ते काही असं लहान कॉलेज नव्हतं. पण त्यांची शिकण्याची रीत पाहा. मुख्य विषय अर्थशास्त्र. जोडीला इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र, राज्यशास्त्र. आणि जातिसंस्थेवरचा त्यांचा प्रसिद्ध निबंध त्यांनी १९१६च्या मे महिन्यात वाचला तो अर्थशास्त्राच्या वर्गात नव्हे, मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात, प्रा. गोल्डनवायझर यांच्यापुढे. विषयांच्या भिंती ओलांडू देणारं कॉलेज हवं, असं मी म्हणतो ते यासाठी.

पण 'सगळ्यात चांगलं कोणतं' हा प्रश्न मात्र मला चुकीचा वाटतो. मासिकांत क्रमवारी छापून येते, तिच्यावर जाऊ नका. प्रत्येक कॉलेज आपल्या अभ्यासक्रमाची सविस्तर यादी जाहीर करतं. ती उघडा आणि हा विषय तिथे कसा शिकवतात ते बघा. कॅलिफोर्नियातल्या पोमोना कॉलेजात आंतरराष्ट्रीय संबंध हा स्वतंत्र मुख्य विषय आहे. बोस्टनजवळचं वेलस्ली हे मुलींचं कॉलेज. तिथे हा विषय अर्थशास्त्राला जोडून, इतिहासाला जोडून किंवा राज्यशास्त्राला जोडून घेता येतो. अमेरिकेच्या पहिल्या महिला परराष्ट्रमंत्री मॅडेलिन ऑल्ब्राइट तिथल्याच, १९५९च्या पदवीधर. माउंट होलिओक, तेही मुलींचंच, १८३७ सालचं, तिथेही हा स्वतंत्र विषय आहे. ॲमहर्स्टला जा, तर या नावाचा मुख्य विषयच नाही. राज्यशास्त्र घ्यायचं आणि शेजारच्या कॉलेजांतले वर्ग जोडून आंतरराष्ट्रीय संबंधांचं प्रमाणपत्र मिळवायचं. म्हणून ॲमहर्स्ट कमी ठरतं का? मुळीच नाही. नावावरून कळत नाही, यादी वाचावी लागते, एवढंच.

यादीत दोन गोष्टी खास बघा. भाषा किती वर्षं शिकवतात? अरबी, चिनी, फ्रेंच, स्पॅनिश यांपैकी एक भाषा वर्तमानपत्र वाचण्याइतकी येत नसेल तर हा विषय अर्धाच राहतो. आणि आशिया-आफ्रिकेचा इतिहास शिकवणारे शिक्षक आहेत का? नाहीतर चार वर्षं नुसतं वॉशिंग्टनच्या खिडकीतून जग बघून यायचं. मिनेसोटा राज्यात मॅकॅलेस्टर नावाचं कॉलेज आहे. त्यांच्या आवारात १९५० पासून संयुक्त राष्ट्रसंघाचा झेंडा फडकतो. घाना देशातून आलेला एक तरुण तिथे अर्थशास्त्र शिकून १९६१ साली पदवीधर झाला. तोच पुढे राष्ट्रसंघाचा सरचिटणीस झाला, कोफी अन्नान. झेंडा पाहून कॉलेज निवडा असं मी म्हणत नाही. पण बाहेरून आलेल्या पोराला ते कसं वागवतं, याची चौकशी जरूर करा.

आता पैशाचं बोलू. माता-भगिनींनी इथे जास्त लक्ष द्यावं, कारण घराचा हिशेब त्यांच्याच हाती असतो.

या खाजगी कॉलेजांचा फी, राहणं, जेवण धरून वर्षाचा छापील खर्च आज ८० ते ९० हजार डॉलरच्या घरात जातो. रुपयांत सत्तर लाखांच्या पुढेच धरा. तेही एका वर्षाचे. आणि वर्षं चार. दादा, तुमच्या दीड एकराचं काय होईल? पहिल्या वर्षी जमीन जाईल आणि दुसऱ्या वर्षी मुलगी अर्ध्यावरून परत येईल. स्वतः बाबासाहेबांवर ही वेळ आली होती. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली लंडनचा अभ्यास तसाच टाकून त्यांना परतावं लागलं. शिष्यवृत्तीच्या कागदावर पहिल्यांदा काय वाचायचं? किती वर्षांची आहे ते.

सरकार देईल का? इथे पुष्कळांची गफलत होते. केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आणि आपल्या राज्याची अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठीची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती, या दोन्ही पदवीनंतरच्या शिक्षणासाठी आहेत. बी.ए.साठी नाहीत. शिवाय राज्याची योजना विद्यापीठांच्या जागतिक क्रमवारीवर चालते, आणि ही लहान कॉलेजं विद्यापीठांच्या त्या यादीत बसतच नाहीत. केंद्राच्या योजनेत २०२२ साली एक अट आली. भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि समाज यांचा परदेशात अभ्यास करायला ती शिष्यवृत्ती मिळणार नाही. जातीचा प्रश्न परदेशी विद्यापीठात अभ्यासायला निघालेल्या आपल्या मुलांवर या अटीचा काय परिणाम होतो, ते मी वेगळं सांगायला नको. त्या त्या वर्षीची जाहिरात शब्दन् शब्द वाचत जा.

म्हणजे बी.ए.साठी मदत देणारं एकच ठिकाण उरतं, ते म्हणजे कॉलेज स्वतः. त्यांचेही प्रकार आहेत. काही मोजकी कॉलेजं परदेशी विद्यार्थ्याची निवड करताना त्याच्याकडे पैसा आहे की नाही हे बघतच नाहीत, आणि निवड झाली की घराच्या ऐपतीपलीकडचा सगळा खर्च उचलतात. ॲमहर्स्ट त्यातलं एक, आणि २०२२ पासून मेन राज्यातलं बोडन. दुसरी कॉलेजं पूर्ण मदत देतात, पण आधी पैशाचा विचार करून मुलं घेतात. तिथे जागा कमी, चुरस फार. तिसरी अर्धीमुर्धी मदत देतात. आपल्याला ती तिसरी नकोत. ही धोरणं बदलतात, तेव्हा अर्जाच्या वर्षी कॉलेजला स्वतः पत्र लिहून विचारा.

एक निराळं कॉलेज मुद्दाम सांगतो. केंटकी राज्यातलं बेरिया. १८५५ साली गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या लोकांनी काढलेलं. काळी-गोरी, मुलगे-मुली, सगळी एका वर्गात. ते न पाहवून राज्याने १९०४ साली काळ्या-गोऱ्यांनी एकत्र शिकण्यावर बंदीचा कायदा केला. कॉलेज सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९०८ साली हरलं. १९५० साली कायदा बदलला तेव्हा दारं पुन्हा उघडली. हे कॉलेज शिकवणी फी घेत नाही. प्रत्येक विद्यार्थ्याला आठवड्यातले काही तास कॉलेजातच काम करावं लागतं. परदेशी मुलांसाठी जागा थोड्याच असतात. पण अर्ज करायला काय हरकत आहे? आपल्या मुलांनी त्या कॉलेजचा इतिहास तरी वाचावा.

आता घरचीच गोष्ट. माझ्या भाचीला काही वर्षांपूर्वी तिकडच्या एका कॉलेजचं पत्र आलं. वर मोठ्या अक्षरांत अभिनंदन, खाली शिष्यवृत्तीचा आकडा. आम्ही पेढे वाटले. रात्री जेवणं झाल्यावर मी आणि माझे मेहुणे कागद-पेन्सिल घेऊन बसलो. शिष्यवृत्ती वजा जाता दरवर्षी २८ लाख आम्ही भरायचे होते. ज्यांच्यामार्फत अर्ज केला ते सल्लागार म्हणाले, "तिथे गेल्यावर काम करून कमावते हो मुलं." विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तास, तेही आवारातच काम करता येतं. त्यात २८ लाख निघतात का? पोरगी रडली. चार दिवस बहिणीने माझ्याशी बोलणं टाकलं. आम्ही नाही म्हणून कळवलं. भाचीने मुंबईत राज्यशास्त्रात बी.ए. केलं, फ्रेंचचे वर्ग लावले आणि राज्याच्या शिष्यवृत्तीवर एम.ए.साठी इंग्लंडला गेली. तेव्हा घरचा एक गुंठाही विकला नाही. ती आजही म्हणते, "मामा, ती चार वर्षं मिळायला हवी होती." तिचं खरं आहे. माझंही खोटं नाही.

तेव्हा मुली, दोन वाटा एकदम चालू ठेव. पहिली, तिकडच्या पूर्ण मदत देणाऱ्या आठ-दहा कॉलेजांची. दुसरी इथली: चांगल्या कॉलेजात राज्यशास्त्र, इतिहास किंवा अर्थशास्त्र घेऊन बी.ए. आणि पुढे दिल्लीला जवाहरलाल नेहरू विद्यापीठ. तिथल्या आंतरराष्ट्रीय अभ्यास विभागाचं मूळ १९५५ सालच्या संस्थेत आहे. भारतीय परराष्ट्र सेवेच्या परीक्षेलाही पदवी कुठली, हे कोणी विचारत नाही. के. आर. नारायणन केरळातल्या गरीब दलित घरातले. बी.ए., एम.ए. तिथेच केलं, इंग्रजी साहित्यात. मग टाटा शिष्यवृत्तीवर लंडनला गेले, १९४९ साली परराष्ट्र सेवेत आले, चीनला आणि अमेरिकेला राजदूत झाले, १९९७ साली राष्ट्रपती झाले.

आणि तिकडचा अर्ज करताना एक सांभाळ. 'लवकर निर्णय' नावाचा एक प्रकार असतो, साधारण १ नोव्हेंबरच्या सुमाराचा. त्यात प्रवेश मिळाला तर तिथेच जायचं असं लिहून द्यावं लागतं, मग दुसऱ्या कॉलेजांच्या मदतीशी तुलना करता येत नाही. साधा अर्ज जानेवारीच्या सुरुवातीला, निकाल मार्चअखेर, उत्तर द्यायला १ मेपर्यंत मुदत. मधे व्हिसा आहेच, तो कॉलेजच्या हातात नसतो. २०२५ च्या मे-जूनमध्ये विद्यार्थ्यांच्या मुलाखती काही आठवडे थांबल्या होत्या आणि प्रवेश मिळालेली मुलं घरी बसून होती.

दादा, जमिनीचा सातबारा कपाटात ठेवा. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला मात्र आत्ताच काढायला टाका, त्याला वेळ लागतो. नववीपासूनच्या गुणपत्रिका, त्यांची इंग्रजी भाषांतरं, आणि जिला ओळखतात अशा दोन शिक्षकांची पत्रं लागतील. निबंध मुलीने स्वतःच लिहायचा, विकतचा नको. पुढच्या रविवारी वंदना झाल्यावर मी वाचनालयाच्या खोलीत बसतो. कॉलेजांच्या अभ्यासक्रमाच्या याद्या छापून आणतो. आणखी कोणाला यायचं असेल त्यांनीही यावं, येताना वही आणावी.

जयभीम.