मापट्याने मोजा, पायलीने समजा

आज आपण इंटरनेटच्या वेगाचा हिशोब करणार आहोत. घाबरू नका, धान्य मापणाऱ्या आपल्या आज्यांना हा हिशोब तोंडपाठ होता.

गटांच्या बैठकांना गेलो की आम्हाला एक तक्रार हमखास ऐकू येते. "आम्ही 40 एमबीपीएसचं कनेक्शन घेतलं, पण फाइल उतरवताना सेकंदाला 5 एमबीच दिसतात. बाकीचे 35 कुठं गेले?" मग कुणी म्हणतं फसवलं, कुणी म्हणतं मोठा प्लॅन घेऊ. पैसा गटाचा जातो आणि तोही दर महिन्याला. म्हणून आधी माप समजून घेऊ.

जुन्या मापात दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. म्हणजे पायलीत मापटी आठ. इंटरनेटचंही अगदी तसंच आहे. बिट हे मापटं, बाइट ही पायली. 8 बिटांचा 1 बाइट.

गोंधळ होतो तो इथं. कंपनी वेग सांगते मापट्यात, म्हणजे मेगाबिटमध्ये. फोटो, व्हिडिओ, फाइल मोजतात पायलीत, म्हणजे मेगाबाइटमध्ये. बोलताना दोन्हीला आपण एमबीच म्हणतो. छापील कागदावर मात्र खूण असते. इंग्रजी लिपीतलं लहान बी म्हणजे बिट, मोठं बी म्हणजे बाइट.

म्हणून वेगाला 8 ने भागायचं. भागाकार अवघड वाटला तर तीनदा निम्मं करा. 40 चे निम्मे 20, त्याचे निम्मे 10, त्याचे निम्मे 5. सेकंदाला 5 एमबी. प्रशिक्षणाचा 300 एमबीचा व्हिडिओ पूर्ण वेग मिळाला तर एका मिनिटात उतरेल. म्हणजे वरच्या तक्रारीतले 35 कुठंच गेले नव्हते. माल पुरता मिळत होता, फक्त माप वेगळं होतं.

आता दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, हा वेग वाटून घ्यावा लागतो. चार फोन एकदम काही उतरवत असतील, तर प्रत्येकीच्या वाट्याला साधारण 10 एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला सव्वा एमबी. दुसरी, जाहिरातीत "पर्यंत" हा शब्द असतो. 40 पर्यंत म्हणजे कायम 40 नव्हे. आणि आपल्याला फॉर्म, फोटो पाठवायचे असतात, तो अपलोडचा वेग वेगळा असतो. तोही विचारून घ्या.

सगळ्यात जास्त अडचण होते ती मोबाइलचा रोजचा डेटा संपल्यावर. बऱ्याच प्लॅनमध्ये नंतर वेग 64 केबीपीएस उरतो. तीनदा निम्मं करा: 32, 16, 8. सेकंदाला फक्त 8 केबी! 2 एमबीचा एक फोटो, म्हणजे साधारण 2000 केबी, पाठवायला चार मिनिटांहून जास्त लागतात. असे चार फोटो म्हणजे जवळजवळ सतरा मिनिटं, आणि तोवर पोर्टल थांबेलच असं नाही. मुलीच्या शिष्यवृत्तीची शेवटची रात्र असेल तर? तेव्हा फॉर्म आधी भरा, व्हिडिओ मागाहून बघा. फोटो लहान करून 200 केबीचा केला, तर त्याच वेगात 25 सेकंदांत जातो.

आणि खरंच कमी मिळत असेल, तर गप्प बसू नका. 2023 पासून सरकारी व्याख्येनुसार ब्रॉडबँड म्हणायला डाउनलोडचा वेग किमान 2 एमबीपीएस लागतो, म्हणजे सेकंदाला 250 केबी. वेग तपासायला ट्रायचं मायस्पीड ॲप आहे. सकाळी, दुपारी, रात्री मोजा आणि तारीख-वेळेसह वहीत लिहा. वेग सतत कमी दिसला, तर ती वही घेऊन कनेक्शनवाल्याकडे जा. "नेट चालत नाही" म्हटलं की तो म्हणतो, "बघतो ताई." वहीतले आकडे समोर ठेवले, की त्याला उत्तर द्यावं लागतं.

पुढच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला, की पाच मिनिटं यासाठी काढा. प्रत्येकीने आपल्या प्लॅनचा आकडा सांगायचा आणि शेजारणीने तो तीनदा निम्मा करायचा. मोठा प्लॅन घ्यायचा की आहे तोच पुरे, हे त्यानंतर ठरवा.

येतो मैत्रिणींनो. नमस्कार.