आधी आडनाव, मग चहा

(वस्तीतल्या विहारात, रविवारच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



मला विषय दिला होता 'युवक आणि संघटन'. मी म्हटलं, त्यावर बोलणारे आपल्यात ढीगभर आहेत. संघटनेवर दोन तास बोलणाऱ्या पोराला मागच्या गल्लीतल्या पोराचं नाव विचारा, सांगता येत नाही. मी दोस्तीवर बोलतो. कार्यकर्ते हसले. म्हणाले, दोस्तीवर काय बोलायचं, ती काय बोलायची गोष्ट हाय? पण बोल म्हणाले, म्हणून उभा राहिलोय. मी गोदीत हमाली करणारा, मॅट्रिक झालेला माणूस. कविता करतो ते तुम्हाला ठाऊक आहे. आज म्हणणार नाही, घाबरू नका.

गोदीत लागलो तेव्हा दीड वर्ष टोळीत माझं नाव 'मुका' होतं. चार शब्दांच्या वर मी बोलायचो नाही. जेवायच्या सुट्टीत शेडच्या टोकाला एकटा बसायचो. चहाला बोलावलं तर पोट बरं नाही म्हणायचो. लोकांना वाटायचं, पोरगं लाजाळू आहे. मलाही तसंच वाटायला लागलं होतं. स्वभावच असा, आपल्याला माणसात मिसळता येत नाही, देवानं तोंडच दिलं नाही. देव मानत नाही तरी असं वाटायचं बघा.

खरं कारण वेगळं होतं. पहिल्याच दिवशी एकानं विचारलं होतं, "गाव कुठलं? आडनाव काय?" आणि मी गावाच्या नावाला 'कर' लावून मोकळा झालो होतो. त्यातून काहीच कळत नाही. बामनाचं असू शकतं, मराठ्याचं असू शकतं, आपलंही असू शकतं. तो म्हणाला, "अच्छा, अच्छा." झालं. एका शब्दाचं खोटं. पण ते खोटं सांभाळायला मला दीड वर्ष तोंड शिवून घ्यावं लागलं. बोललो तर भाषेतून कळणार. गावातलं घर कुठल्या बाजूला, ते विचारणार. कुणी म्हणालं, "चल तुझ्या घरी येतो," तर? घरात शिरल्याशिरल्या समोर भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध. ते काय झाकून ठेवू?

तर माझं म्हणणं असं की आपल्यातल्या पुष्कळ पोरांचा जो बुजरेपणा आहे, तो बुजरेपणा नाही. ती पहारेदारी आहे. आपण एका आडनावावर पहारा देत बसलोय आणि पहारेकऱ्याला गप्पा मारता येत नाहीत.

आता आमचं काम कसं चालतं ते सांगतो. हल्ली गोणींचा माल कमी झाला. 1989 साली पलीकडे न्हावाशेवाचं बंदर सुरू झालं आणि पुष्कळसा माल कंटेनरात बसून तिकडं गेला. आमच्याकडं लोखंड जास्त. पत्र्याच्या गुंडाळ्या येतात, एकेक दहा-वीस टनांची. जहाजाच्या पोटात खाली आम्ही दोघं-तिघं दोर अडकवायला. वर क्रेनवाला, त्याला आम्ही दिसत नाही. मधे वरच्या कठड्याला एकजण उभा असतो, तो हातानं इशारा करतो. हात फिरवला की वर, पंजा दाखवला की थांब. त्याचा पंजा एक क्षण उशिरा आला तर खालचा माणूस उरत नाही. म्हणजे बघा, ज्याच्या हातावर आपण आपला जीव टांगून ठेवतो, त्याच्या हातचा वडा चालेल की नाही याचा हिशोब दुपारी एक वाजता होतो. दहा वर्षं एका टोळीत काढलेली माणसं मी पाहिलीत, एकमेकांच्या घरचा जिना चढलेली नाहीत.

हे आजचं नाही. 1928 साली मुंबईत गिरण्यांचा मोठा संप झाला. लाखावर माणूस बाहेर. पण अस्पृश्य कामगाराला विणकामाच्या खात्यात, जिथं पगार जास्त, तिथं घेत नव्हते. धोटा भरताना धागा तोंडानं ओढायला लागायचा, तिथं विटाळ. बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना सांगितलं, ही मागणी तुमच्या यादीत घाला. ती घालताना त्यांना जड गेलं. झेंडा एक, मागण्या एक, पोलिसांच्या काठ्या एक, आणि धागा वेगळा. एका जागी घाम गाळल्यानं आपोआप दोस्ती होते असं जे आपल्याला सांगतात, त्यांनी दुपारच्या सुट्टीत कधी आमच्या शेडमध्ये यावं.

बाबासाहेबांचंच आणखी एक सांगतो, कारण ते आडनावाचंच आहे. 1917 साली ते बडोद्याला नोकरीवर गेले. एवढा शिकलेला माणूस, अमेरिका-इंग्लंड करून आलेला, पण राहायला जागा नाही. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव नोंदवून राहिले. अकराव्या दिवशी दहा-बारा पारशी काठ्या घेऊन आले, नाव उघडं पडलं, बाहेर व्हावं लागलं. मग ते मित्राकडं गेले. तो हिंदू. तो म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसरा मित्र ख्रिस्ती. तो म्हणाला, उद्या बायको येतेय, तिला विचारावं लागेल. बाबासाहेब बागेत जाऊन बसले आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला परतले. 'मित्र' हा शब्द वापरताना मला ती बाग आठवते.

पण गोष्ट इथं सोडली तर आपण अर्धवट माणसं. त्याच्या आधी, 1913 साली न्यूयॉर्कला गेल्यावर, त्यांच्या खोलीत त्यांच्यासोबत कोण होता? नवल भथेना. तोही पारशीच. त्याला आंबेडकर कोण ते ठाऊक होतं आणि ती दोस्ती जन्मभर राहिली. 1920 साली पुन्हा लंडनला शिकायला जायचं तर याच भथेनानं उसने पैसे दिले. काठ्या घेऊन आले तेही पारशी, पैसे काढून दिले तोही पारशी. फरक एवढाच की एका ठिकाणी नाव झाकलेलं होतं आणि दुसऱ्या ठिकाणी उघडं. तुम्ही म्हणाल, नाव झाकलं कारण सांगितलं असतं तर दारातच अडवलं असतं. खरं आहे. झाकणाऱ्याला मी दोष देत नाही. आजही भाड्याची खोली शोधताना काय होतं ते मला शिकवू नका. खोली मिळवायला खोटं बोललात तर मी तोंड उघडणार नाही. पण मित्र मिळवायला ते चालत नाही, एवढंच मी सांगतोय.

मी काय केलं ते सांगतो. एका पावसाळ्यात काम बंद होतं, शेडमध्ये बसलो होतो. तिघं होते. एक कोकणातले काका, एक आझमगढचा मुसलमान भाई, एक माझ्याच वयाचा घाटावरचा. कसलं तरी बोलणं चाललं होतं, मी मधेच म्हणालो, "माझं आडनाव ते नाही. मी बौद्ध आहे. महाराचा." आवाज असा निघाला की मलाच ओळखू आला नाही. भाईनं बिडी पुढं केली, म्हणाला, "तो? पी." काका म्हणाले, "अरे, मला पयल्या दिसापासून ठाऊक हा. तू सांगशील म्हणून वाट बघत होतंय." दीड वर्ष! ते म्हातारं दीड वर्ष वाट बघत होतं आणि मी त्याच्यापासून पळत होतो. मला हसावं की रडावं कळेना.

तिसरा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्याचा डबा दुसरीकडं उघडायला लागला. म्हणाला, ॲसिडिटी झालीय, बाहेरचं चालत नाही. घरचा डबा बाहेरचा कसा, ते त्यालाच ठाऊक. वाईट वाटलं. खूप वाटलं, कारण तोच जरा जवळचा वाटायचा. पण त्याच आठवड्यात मी टोळीत पहिल्यांदा मोठ्यानं हसलो. 'मुका' हे नाव गेलं. आता मला 'रेडिओ' म्हणतात, बंदच होत नाही म्हणून.

आता आपल्याकडं वळतो, आणि इथं कुणाला लागलं तर लागू दे. समोरच्यानं दार लावलं म्हणून आपण ओरडतो. आपलं दार? या विहाराच्या मागं मातंगांची गल्ली आहे. हात वर करा, किती जण तिथं जेवलेत? (दोन हात वर झाले.) दोन. अण्णाभाऊ साठ्यांनी 1959 साली 'फकिरा' बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. त्यांनी हात पुढं केला होता, आपण त्यांची जयंती त्यांच्या गल्लीला सोडून दिली. आणि हेच अण्णाभाऊ, अमर शेख आणि गव्हाणकर, तीन घरांतले तिघे, 1944 साली त्यांनी लाल बावटा कलापथक काढलं. एका डफावर गाणारी माणसं होती. आपल्याला गल्ली ओलांडायला ठराव लागतो.

आणि बहिणी मागं बसल्यात, त्यांना कुणी विचारलं का, तुम्हाला मैत्रिणी आहेत का? नळावरची ओळख सोडून? लग्न होऊन आलेल्या पोरीचं माहेर सुटतं तेव्हा मैत्रिणीही सुटतात. इथं तिचं नावही कुणी घेत नाही, अमक्याची बायको. यावर बाईनंच उभं राहून बोलावं, मी उगाच शहाणपणा करत नाही.

कसं करायचं म्हणून काल एका पोरानं विचारलं. फोनात पाचशे नंबर आहेत पण बोलायला माणूस नाही म्हणाला. बाबा रे, मला काय मंत्र येत नाही. एक करतो मी, नाव लक्षात ठेवतो. माणसाचं, त्याच्या पोराचं, त्याच्या गावचं. भाईच्या पोरीची परीक्षा कधी आहे ते मला ठाऊक असतं. दुसरं म्हणजे आपण भाषण कमी करावं. आपल्यात रोग आहे, कुणी भेटला की त्याला पाच मिनिटांत मनुस्मृती सांगायची. त्याला आधी त्याच्या गुडघेदुखीचं बोलू दे. आणि मागायला लाजू नका. आपण उपकार नको म्हणून काहीच मागत नाही, छत्रीसुद्धा. काकांकडं मी एकदा दोनशे रुपये मागितले तेव्हा ते जेवढे खूश झाले, तेवढे मी परत दिले तेव्हा झाले नाहीत. दारूच्या दोस्तीबद्दल बुद्धानं सिगाल नावाच्या पोराला बजावून ठेवलंय, पेल्यापुरता मित्र तो मित्र नव्हे. गोदीच्या फाटकाबाहेर असे शंभर भेटतात, पगाराच्या दिवशी. त्याच बुद्धाला आनंद म्हणाला होता की चांगला मित्र म्हणजे धम्मजीवनाचा अर्धा भाग. बुद्ध म्हणाला, अर्धा नाही, सगळाच. मी हे वाचलं तेव्हा आधी काकांना फोन लावला.

त्या तिसऱ्याचं सांगायचं राहिलं. मागच्या महिन्यात त्याचा बाप गेला. गावाकडनं डोकं भादरून आला, टोळीत कुणी काही बोललं नाही, काम जोरात होतं. दुपारी तो शेडच्या टोकाला एकटाच बसला, मी बसायचो त्याच जागी. मी डबा घेऊन गेलो आणि शेजारी बसलो. म्हटलं, "किती वय होतं रे?" तो म्हणाला, "एकाहत्तर." मग गप्प. त्यानं डबा उघडला, मला भाजी दिली नाही. पण उठूनही गेला नाही.

उद्या माझी पहिली पाळी आहे, त्याचीही. मी तिथंच बसणार आहे.