शारजा ते ढाका

डिसेंबर १९२६ मध्ये मुंबईच्या जिमखाना मैदानावर सी. के. नायडूंनी एमसीसीविरुद्ध १५३ धावा केल्या. त्यात ११ षटकार होते. नायडूंचा जन्म नागपूरचा. ज्या जिमखान्यात हिंदी माणसाला सभासद होता येत नव्हतं, तिथेच साहेबाचे चेंडू सीमेपार जात होते. पुढे साहेबानंच त्यांना चांदीची बॅट भेट दिली. पण त्या दिवशी नायडू खेळले ते 'हिंदू' संघाकडून. तेव्हा मुंबईत हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन असे संघ असत. ही पद्धत १९४६ पर्यंत चालली. मैदानावरची वाटणी संपली; बघणाऱ्यांच्या मनातली संपायला वेळ लागला.

गाजलेले फटके पुष्कळ आहेत. रवी शास्त्रीनं १९८५ च्या जानेवारीत वानखेडेवर बडोद्याच्या तिलक राजला एका षटकात सहा षटकार मारले. त्याच मैदानावर २ एप्रिल २०११ रोजी धोनीच्या षटकारानं विश्वचषक आणला. मला मात्र आज दोनच फटक्यांविषयी बोलायचं आहे.

१८ एप्रिल १९८६, शुक्रवार. शारजाचा अंतिम सामना. पाकिस्तानला शेवटच्या चेंडूवर चार धावा हव्या होत्या. चेतन शर्मा यॉर्कर टाकायला गेला, पडला फुलटॉस, आणि जावेद मियांदादनं तो प्रेक्षकांत भिरकावून दिला. अलिबागला आम्ही पंधरा-वीस जण एका घरी टीव्हीसमोर बसलो होतो. माझं वय सोळाच्या आतबाहेर. चेंडू सीमेबाहेर पडला आणि दोघातिघांनी पडद्यावरची नजर काढून माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी आळीतले एक काका हसत म्हणाले, "काय रे, काल तुमच्याकडे शीरखुर्मा झाला असेल!"

काका वाईट नव्हते. आमच्या घरी कुणी आजारी पडलं की डॉक्टरला आणायला तेच आधी धावत. त्यांना वाटलं, थट्टा केली. खरं तर आदल्या रात्री माझे वडील न जेवता ओट्यावर बसून राहिले होते. मी ते काकांना सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर तो पुरावा झाला असता. आपल्याला वाईट वाटलं याचा पुरावा का द्यायचा?

अमेरिकेत बेसबॉल या खेळात १९५१ साली बॉबी थॉमसननं असाच एक अखेरचा फटका मारला. ज्याच्या चेंडूवर तो बसला, त्या राल्फ ब्रँकाला लोक जन्मभर त्या एकाच चेंडूबद्दल विचारत राहिले. आपल्या चेतन शर्माचंही तेच झालं. विश्वचषकातली पहिली हॅटट्रिक त्याची, १९८७ ची, तीही नागपूरला. पण लोक विचारतात ते शारजाचं. आता त्याला विचारतात, कारण निदान तो चेंडू त्यानं टाकला होता. मला कशाबद्दल विचारत होते?

दुसरा फटका १८ जानेवारी १९९८ चा, ढाक्याचा. तो रविवार होता आणि रमजान चालू होता. पाकिस्ताननं ४८ षटकांत ३१४ केल्या होत्या. एवढ्या धावांचा पाठलाग तोवर कुणी यशस्वी केला नव्हता. गांगुलीनं शतक ठोकलं, रॉबिन सिंगनं साथ दिली. उजेड कमी होत गेला. दोन चेंडू, तीन धावा. गोलंदाज सकलेन मुश्ताक, समोर पुण्याचा डावखुरा, नवखा हृषीकेश कानिटकर. त्यानं मिडविकेटला चौकार मारला. आई इफ्तारीसाठी पपई चिरत होती, ती सुरी हातात घेऊनच बाहेर आली. वडील एवढंच म्हणाले, "हेमंत कानिटकरांचा मुलगा हा." जणू घरचंच पोर.

नाक्यावर फटाके वाजत होते. तेच काका पेढे वाटत होते. त्यांनी माझ्या तळहातावर पेढा ठेवला. मी तो रुमालात बांधू लागलो, तशी त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"खात का नाहीस?"

"रोजा आहे, काका. मगरीबची अजान होऊ दे."

"अरे हो," म्हणाले. मग पेढ्याचा पुडा मिटून माझ्याशेजारी कट्ट्यावर बसले. अजानला अजून बराच वेळ होता. आम्ही कानिटकरविषयी बोललो, सकलेनविषयी बोललो. शारजाचं त्यांनी काढलं नाही, मीही काढलं नाही.