म्युझियमची वही कोण लिहितं?

आपल्या बचत गटाच्या पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र आठवतंय ना? नियमित हिशेब लिहिणं. बैठक, बचत, कर्ज, परतफेड ही चार सूत्रं आपण नेटानं पाळतो आणि वही उघडायची वेळ आली की एकमेकींकडे बघतो. म्हणून आज आम्ही अशा लोकांची माहिती सांगणार आहोत, ज्यांची नोकरीच मुळी नोंदी ठेवण्याची आहे. ते म्हणजे म्युझियमचे रजिस्ट्रार.

रजिस्ट्रार म्हटलं की आपल्याला जमिनीचं खरेदीखत आठवतं. हे रजिस्ट्रार वेगळे. म्युझियममध्ये वस्तू आली की ती कुणी दिली, कायमची दिली की उसनी, कशा अवस्थेत आली, कुठे ठेवली, हे सगळं ते लिहितात आणि वस्तूला नंबर देतात.

सुरुवातीला हे काम वेगळं नव्हतं. ज्याच्याकडे वस्तू, तोच यादी करी. पुढे म्युझियम वाढली, पेट्याच्या पेट्या येऊ लागल्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालयात १८८० च्या सुमारास रजिस्ट्रार हे पद आलं. काय आलं, कुठून आलं, काय बाहेर गेलं, याची नोंद करणं हे तेव्हाचं मुख्य काम होतं.

नोंद नसली की काय होतं, ते पॅरिसच्या लूव्र म्युझियमनं अनुभवलं. ऑगस्ट १९११ मध्ये तिथून मोनालिसा हे जगप्रसिद्ध चित्र चोरीला गेलं. भिंत रिकामी दिसत होती, पण फोटो काढायला नेलं असेल, असंच पहारेकऱ्यांना वाटलं. चोरी झाल्याचं दुसऱ्या दिवशी कळलं. चित्र सापडलं दोन वर्षांनी, इटलीत. आज चांगल्या म्युझियममध्ये वस्तू या खोलीतून त्या खोलीत नेली तरी लिहावं लागतं.

या कामाला शिस्त लावण्यात बायकांचा मोठा वाटा आहे. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात डोरोथी डडली रजिस्ट्रार होत्या. त्यांनी आणि इर्मा बेझोल्ड यांनी १९५८ मध्ये नोंदणीच्या पद्धतींवर पुस्तक काढलं. पुढे ते या कामाचं पायाभूत पुस्तक मानलं गेलं.

त्याच संग्रहालयात पिकासो या चित्रकाराचं गेर्निका हे भलंमोठं चित्र १९३९ पासून होतं. ते ठेवायला दिलेलं होतं, विकलेलं नव्हतं. स्पेनमध्ये लोकांचं राज्य परत आलं की चित्र स्पेनला द्यायचं, अशी पिकासोची अट होती. १९७३ मध्ये तो वारला. तरी १९८१ मध्ये चित्र स्पेनला पोचलं. देणारा गेला, पण अट राहिली.

आता वही जाऊन कॉम्प्युटर आला. आपल्या देशातल्या संग्रहालयांसाठी पुण्याच्या सी-डॅकनं नोंदणीची प्रणाली तयार केली. तिचं नाव काय, तर ‘जतन’.

मैत्रिणींनो, याचा आपल्याशी काय संबंध? आमच्या एका गटातल्या आजींनी आपली जुनी गोधडी एका प्रदर्शनाला दिली. परत आली ती कोपऱ्यात फाटून. नेणारे म्हणाले, आधीच फाटलेली होती. आजींकडे ना फोटो, ना चिठ्ठी. त्या गप्प बसल्या. अशा वेळी रजिस्ट्रार काय करतो? वस्तू देताना आणि घेताना, दोन्ही वेळा तपासतो आणि अवस्था लिहून ठेवतो. तेवढं लिहिलं असतं, तर आजींना बोलता आलं असतं.

म्हणून आपण एवढं करू या. घरातली जुनी भांडी, दागिने, ओव्यांची वही कुणी प्रदर्शनाला मागितली, तर द्यायला हरकत नाही. पण आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढायचा. कुठे टवका, कुठे डाग, ते लिहायचं. उसनं की कायमचं, आणि परत कधी, हे कागदावर घ्यायचं. नेणाऱ्याची सही घ्यायची आणि एक प्रत आपल्याकडे ठेवायची.

आणि देणाऱ्याच्या नावाच्या जागी नवऱ्याचं किंवा मुलाचं नाही, जिची वस्तू तिचंच नाव लिहायचं. उद्या नात ती वस्तू बघायला जाईल, तेव्हा तिला आजीचं नाव वाचायला मिळालं पाहिजे. पुढच्या बैठकीत वहीचं एक पान यासाठी राखून ठेवा.